नातेवाइकांनी येथून खरेदी करू नये

नारीन, १२ जानेवारी

आदरणीय तायाके,

मागच्या वेळी मी तारीख न घालता ईमेल पाठवला, तेव्हा तुम्ही "तारीख नसलेल्या कागदाला मी उत्तर देत नाही" एवढंच कळवलंत. म्हणून आज गाव, तारीख सगळं घातलंय. भाचीने आईच्या भावाकडे, तायाकेकडे, काही मागितलं तर त्याने नाही म्हणायचं नसतं, तेव्हा आधीच सांगते, मागायलाच लिहितेय.

काम कायद्याचं आहे. मी बँकेतली नोकरी सोडून घरी बसलेय असं आई बिश्केकमध्ये सगळ्यांना सांगते. मी बसलेली नाही. माझी 'ऊबदार घर' नावाची वेबसाइट आहे. थंडीत लागणाऱ्या वस्तूंबद्दल मी तिथे लिहिते: विजेची घोंगडी, गुडघ्याचे पट्टे, थर्मास, पाय शेकायची पेटी. माझं लिहिलेलं वाचून कोणी खालच्या लिंकवर बोट ठेवलं की तो अल्माटीच्या एका कंपनीच्या ऑनलाइन बाजारात पोचतो. त्याने तिथे वस्तू घेतली की कंपनी मला थोडा वाटा देते. बस, एवढंच. यात चोरी नाही.

आता कंपनीने कळवलंय की फेब्रुवारी संपायच्या आत साइटवर कायदेशीर सूचना लावा, नाहीतर भागीदारी बंद. मी एका परदेशी साइटवरून सूचना उचलल्या आणि भाषांतर करून चिकटवल्या. सासूबाईंनी त्या संध्याकाळच्या चहाला मोठ्यांदा वाचल्या: "लाटांवरून घसरताना दात पडल्यास आम्ही जबाबदार नाही. वाद झाल्यास फ्लोरिडाचा कायदा लागू होईल." मग चष्मा काढून म्हणाल्या, "कुठल्या लाटा गं? नदी गोठलीये. आणि हा फ्लोरिडा कोणाचा?"

तायाके, तुमचा जन्म नोटरीच्या खुर्चीत गेला. मला माझ्या स्वतःच्या सूचना लिहून द्या. मार्चमधल्या नूरूझच्या सणापर्यंत साइटने जीव धरला नाही तर नणंदेच्या ओळखीने करकचेरीत खिडकीमागे बसेन, असं मी सासूबाईंना कबूल करून बसलेय. त्यांनी त्या खिडकीत ठेवायला माझ्यासाठी उशीसुद्धा शिवलीये.

तुमची,
सैकाल


ओश, १६ जानेवारी

भाची सैकाल हिस, तायाके सागिनबेक याजकडून.

तुझा कागद मिळाला. तारीख पाहून बरं वाटलं.

तुझ्या धंद्याला नवीन नाव काहीही असो, मी ओशच्या गुरांच्या बाजारात लहानपणापासून तो पाहत आलोय. दलाल दोघांचे हात अस्तनीत घेतो, दोघांना हलवतो आणि सौदा करून देतो. पण तो दलाल आहे हे सगळ्या बाजाराला माहीत असतं. त्याच्या टोपीवरूनच कळतं. तुझ्या साइटला टोपी नाही, एवढीच अडचण. ती मी घालून देतो.

मी तुझी साइट पाहिलेली नाही. मला फुरसत नसते. तरी असं ऐकून आहे की पहिल्याच पानावर "या पट्ट्याने गुडघेदुखी पळून जाते" असं वाक्य आहे. कुठे पळून जाते? उद्या कोणी म्हणाला की माझी इथून पळाली आणि कमरेत जाऊन बसली, तर काय करशील? आपण डॉक्टर नाही हे लिहायलाच हवं. शिवाय "सर्वोत्तम" हा शब्द बेचाळीस ठिकाणी आहे. सर्वोत्तम एकच असतो, पोरी.

मसुदा सोबत जोडला आहे. सुरुवात अशी:

"सदर वेबसाइट चालवणारी स्त्री, जिला यापुढे चालक म्हटले जाईल, ती असे जाहीर करते की युद्ध, भूकंप, टोळधाड, अथवा शेजाऱ्याचा घोडा कुंपण मोडून आत आल्यामुळे वस्तूस वा ग्राहकास पोचलेल्या कोणत्याही इजेस चालक, तिचा पती, अथवा पतीची माता जबाबदार राहणार नाहीत..."

पुढची अकरा कलमं तूच वाच. आपल्या सूचनेखाली फोन नंबर हवा. नंबर न देता जबाबदारी झटकणं म्हणजे दाराआडून बोलणं.

तब्येत उत्तम. चहा सकाळी भरतो, तो संध्याकाळपर्यंत वाफाळता राहतो.

सागिनबेक


नारीन, २७ जानेवारी

आदरणीय तायाके,

सूचना लावली. फोन नंबरसकट, सगळी कलमं लावली. परिणाम असा झाला की फोनवर साइट उघडली की आधी युद्ध, मग भूकंप, मग घोडा, आणि अंगठा दुखेपर्यंत खाली सरकवलं की घोंगडी. जलालाबादहून एका माणसाने विचारलं, "ताई, तुमच्यावर खटला चाललाय का?" सासूबाई मात्र खूश आहेत. कायद्याच्या कागदात त्यांचा उल्लेख आयुष्यात पहिल्यांदाच झालाय. "पतीची माता" हे शब्द त्यांनी शेजारणीला दोनदा वाचून दाखवले.

तेव्हा कृपा करून लहान करा. पाच-सहा ओळी. घोडा काढला तरी चालेल.

एक गंमत सांगते. माझं सगळ्यात इमानी गिऱ्हाईक तुमच्याच ओशमध्ये आहे! कंपनी मला नाव दाखवत नाही, फक्त गाव दाखवते. मी ज्या वस्तूबद्दल लिहीन ती हा माणूस घेतो. घोंगडी, थर्मास, पट्टा, पाय शेकायची पेटी. नंतर खाली अभिप्रायही लिहितो, "अनुभवी ग्राहक" या नावाने. भाषा ऐका: "वरील थर्मास सुस्थितीत हस्तगत झाला. झाकण समाधानकारक. तक्रार नाही." नवऱ्याला, मेदेरला, मी ट्रकवर फोन करून वाचून दाखवलं, तो म्हणाला, "म्हातारा फौजदार दिसतोय."

हसू नका. कधीकधी संध्याकाळी मी लिहायला बसते आणि वाटतं, कोण वाचतंय हे? मग ओशचा तो माणूस आठवतो. ना ओळख, ना पाळख, तरी माझ्या शब्दावर विश्वास ठेवतो. तुम्हाला बाजारात असा कोणी भेटला तर माझा सलाम सांगा.

कंपनीचे नियम सोबत पाठवतेय. मला त्यातलं पहिलंच पान कळलं. तुम्ही वाचून सूचनेत आणखी काय घालावं लागेल ते सांगा.

सैकाल


ओश, ३ फेब्रुवारी

भाची सैकाल हिस.

लहान मसुदा असा:

"या पानावरील लिंकवरून तुम्ही काही घेतलंत तर मला दलाली मिळते. किंमत तुम्हाला तेवढीच पडते. मी डॉक्टर नाही. दुखणं असेल तर डॉक्टरकडे जा. मी लिहिते तो माझा अनुभव आहे, तुमचा वेगळा असू शकतो. वस्तू खराब निघाली तर मला फोन करा, मी कंपनीच्या मागे लागेन."

नियम वाचले. शेवटपर्यंत वाचले. वाचले नसते तर बरं झालं असतं. कलम एकोणीस असं म्हणतं की भागीदाराच्या घरातल्या माणसांनी व जवळच्या नातेवाइकांनी केलेली खरेदी धरली जाणार नाही, आणि ती लपवली असं आढळलं तर भागीदारी रद्द होईल.

म्हणून सूचनेच्या शेवटी एक ओळ वाढव: "चालकाच्या नातेवाइकांनी येथून खरेदी करू नये." का, ते विचारू नकोस. काळजी म्हणून घाल.

ओशच्या त्या ग्राहकाबद्दल एवढं लिहिण्याची गरज नव्हती. माणसं येतात, जातात. कदाचित तो गाव सोडून गेला असेल. कदाचित मेला असेल. त्याच्यावर धंदा उभा करू नये.

बाजारात मला कोणी भेटलं नाही.

सागिनबेक


नारीन, ९ फेब्रुवारी

तायाके,

तुम्हाला कळलं होतं ना? आईने सांगितलं असणार. नाहीतर ती ओळ तुम्हाला सुचलीच नसती!

सूचना लावली त्याच दिवशी सासूबाई दुपारी माझ्या खोलीत आल्या. पाठीमागे काहीतरी लपवलेलं. म्हणाल्या, "तू जगाला ओरडून सांगितलंस, नातेवाइकांनी घेऊ नये. मग मी याचं काय करू, खड्ड्यात पुरू?" आणि गुडघ्याचे दोन पट्टे, एक शेकायची उशी आणि एक थर्मास पलंगावर टाकला. सगळं शेजारणीच्या नावावर घेतलेलं!

"पण तुम्ही तर मला करकचेरीत पाठवणार होतात," मी म्हटलं.

"अगं, म्हणून काय तुला इथे तोंडावर पडू देऊ? पडायचं तर तिथे पड, पगार तरी मिळेल."

मग मी एकेकाला फोन लावला. नणंदेने घोंगडी घेतलीये. मेदेरने ट्रकच्या सीटचं गरम आवरण घेतलंय, तेही दोन, आणि ट्रकला चालकाची सीट एकच आहे. आईला विचारलं तर ती आधी रागावली, मग म्हणाली, "घोंगड्या तीनच घेतल्या. थंडी असते बिश्केकला." नारीनमधली माझी गिऱ्हाइकं, बिश्केकमधली माझी गिऱ्हाइकं, ज्यांच्या आकड्यांकडे बघून मी सकाळी चहा प्यायचे, ती सगळी माझ्या नाकातला शेंबूड पाहिलेली घरची माणसं निघाली.

मी रडले. सासूबाई जवळ बसल्या आणि माझ्या गुडघ्यावर तो पट्टा बांधू लागल्या. त्यांना वाटलं, त्याने बरं वाटेल. मग मला हसू आलं.

उद्या मी कंपनीला सगळं खरं कळवणार आहे. सगळी नावं देणार. रद्द केलं तर करोत.

उरला एकटा ओशचा तो माणूस. तुम्ही काहीही म्हणा, तायाके, तो मेलेला नाही. त्याच्यासाठी तरी मी लिहीत राहीन.

सैकाल


ओश, ११ फेब्रुवारी

सैकाल,

कंपनीला पत्र पाठवलं नसशील तर थांब. पाठवलं असशील तर आणखी एक नाव जोड.

खाली सही करणारा इसम आणि ओशचा अनुभवी ग्राहक ही एकच व्यक्ती आहे.

हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. इतरांच्या कबुलीजबाबाखाली मी आयुष्यभर शिक्का मारला, पण स्वतः कबूल करायचं तर शाई कुठे ठेवली तेच सापडेना.

पण एक गोष्ट नीट समजून घे. तुझ्यावर दया आली म्हणून मी काही घेतलेलं नाही. माझी बायको, तुझी ताइजेने, गेल्यापासून या घरात कोणी बोलत नाही. तिला बोलायला विषय लागत नसे. किटलीबद्दल ती अर्धा तास बोलायची. एकदा तुझी साइट उघडली, तर तिथे तू किटलीबद्दल बोलत होतीस. तसंच, मध्येच भलतीकडे जाऊन, परत येऊन. मी सगळी पानं वाचली. मग घोंगडी मागवली, कारण मला खरंच थंडी वाजत होती. थर्मास मागवला, कारण एकट्यासाठी सारखा चहा कोण करणार? तू लिहिलंस आणि मला पटलं. कुठल्याही गिऱ्हाइकाचं असंच होतं.

आता दुसरं कलम. पाय शेकायच्या पेटीबद्दल मी "समाधानकारक" असं लिहिलं आहे. ते खरं नाही. पेटी एका बाजूने फार तापते. तुझ्या ताइजेनेने हाताने शिवलेल्या लोकरी नमद्याच्या गालिच्याला वाटीएवढं भोक पडलं. मी त्यावर स्टूल ठेवला आहे. तुला वाईट वाटू नये म्हणून लिहिलं नाही.

सागिनबेक


ओश, १९ फेब्रुवारी

सैकाल,

तुझं उत्तर नाही. ईमेल पोचला नसेल असं धरून पुन्हा पाठवतो आहे.

पोचला असेल तर, आज इथे बर्फ वितळायला लागलं एवढंच कळवायचं होतं.

सागिनबेक


नारीन, २४ फेब्रुवारी

तायाके,

पोचला होता. दोन्ही वेळा.

तुम्ही तो माणूस निघालात याचा राग मला एक दिवस आला. सासूबाईंना सांगितलं तर त्या इतक्या हसल्या की दाताची कवळी चहात पडली. "त्याला फौजदार म्हणत होतात!" मग मीही हसले. किटलीबद्दलचं वाचून थोडं रडले, ते सांगत नाही.

पण पेटीचा राग गेलेला नाही. तायाके, तुम्ही? तुमच्या टेबलासमोर कोणी "बहुधा" म्हटलं तरी लेखणी खाली ठेवणारे तुम्ही, माझ्या साइटवर खोटी साक्ष देता? भाचीला वाईट वाटू नये म्हणून? मी खाली लिहिलंय की हा अनुभव आहे. तुमच्याच ओळी! आणि तुमचं "समाधानकारक" वाचून आत-बाशी गावच्या कोणी बाईने ती पेटी घेतलीये, तसं तिने खाली लिहिलंय. खरी, परकी बाई. तिच्या घराला आग लागली असती तर तुमची ती सूचना मी कुठे घेऊन गेले असते? घोड्याने लाथ मारून पेटी पाडली म्हणाले असते का?

पेटी त्याच दिवशी साइटवरून काढली. कंपनीला फोन केला. आधी नातेवाइकांची नावं दिली, तुमच्यासकट. पलीकडच्या बाई म्हणाल्या, "इतकी वर्षं मी हे कलम लोकांना वाचून दाखवतेय. स्वतःहून फोन करणाऱ्या तुम्ही पहिल्या." सगळी खरेदी वजा झाली, पण भागीदारी राहिली. मग मी पेटीचं सांगितलं. आत-बाशीच्या बाईंना मी धोक्याचा निरोप लिहिला, तो कंपनीने पुढे पाठवला.

वजा करून काय उरलं, सांगू? आत-बाशीची ती पेटी, आणि तालासच्या एका दंतवैद्याचे (अभिप्रायात त्याने तसं लिहिलंय) लोकरी मोजे. एवढा माझा खरा धंदा.

तुम्ही गालिच्यावरचा स्टूल उचला आणि भोकाचा फोटो पाठवा. साइटवर टाकते. खाली तुमच्या नावाने खरं काय ते लिहा. "अनुभवी ग्राहक" नाही, "चालकाचे मामा" असं. पुढेही मी एखादी वस्तू पाठवेन, ती वापरून जे वाटेल ते लिहायचं. विकत घ्यायची नाही. आणि माझी दया करायची नाही.

सैकाल


नारीन, १५ मार्च

आदरणीय तायाके,

फोटो टाकला होता त्याला आठवडा झाला. लोक तुमचं लिहिलेलं वाचायला येतात! "हातमोजे ऊबदार आहेत, पण ते घालून सही करता येत नाही, म्हणून सरकारी कामास निरुपयोगी." यावर एकाने विचारलंय की अंगठा उठवता येतो का? उत्तर द्या. वाट बघतोय तो.

पण आजची बातमी वेगळी आहे. आज दुपारी सूचनेतल्या नंबरवर फोन आला. आत-बाशीच्या बाई! नाव उमसुनाय. मी हॅलो म्हणायच्या आत सुरू: "निरोप पाठवतेस होय? पेटी पाठवायच्या आधी नाही सुचलं? मोजा जळाला माझ्या नवऱ्याचा! तो तेव्हा मोज्याच्या बाहेर होता म्हणून, नाहीतर तुझ्या दारात आणून बसवला असता! पैसे परत पाहिजेत, आणि मोज्याचेही!"

तायाके, मला इतका आनंद झाला! मी फोन स्पीकरवर टाकला आणि सासूबाईंना हाका मारल्या. "या, या, तक्रार आलीये! परक्या माणसाची!" सासूबाई हात पुसत आल्या, नणंद आली, सगळ्यांनी उभ्याने शिव्या ऐकल्या. सासूबाईंनी लगेच सणासारखे कणकेचे बोर्सोक तळायला घेतले. उमसुनायबाई पलीकडून विचारतायत, "हसताय काय तिकडे? लग्न आहे का?"

मग घात झाला. सासूबाईंना राहवलं नाही. तेलातून झारा काढला आणि फोनकडे तोंड करून विचारलं, "तू आत-बाशीची कुठली गं? कोणाची?" तुम्हाला माहीत आहे त्या कशा आहेत. बाप, आजोबा, पणजोबा, दोघी एकेक पिढी उतरत गेल्या, मी मध्ये "नको, नको" करत होते, आणि सातव्या पिढीला दोघी एकदम ओरडल्या. सासूबाईंच्या आईकडच्या निघाल्या!

माझं डोकं धरलं मी. दोनच खरी गिऱ्हाइकं, त्यातलंही एक घरचं. तुमचं कलम एकोणीस डोळ्यांपुढे आलं. तायाके, आता कंपनीला हेही कळवू का? सातवी पिढी जवळची धरतात का? सासूबाई म्हणतात, धरलीच पाहिजे, त्यांनी तिला नूरूझला जेवायला बोलावलंय. तालासचा दंतवैद्य कोणाचा आहे ते विचारायलाही त्या मागे लागल्यात. मी त्याचा पत्ताच नाही म्हणून सांगितलं.

नूरूझ सहा दिवसांवर आलाय आणि ती खिडकीतली उशी कपाटावर माझ्याकडे बघतेय. लवकर लिहा.

सैकाल


ओश, १७ मार्च

भाची सैकाल हिस, तायाके सागिनबेक याजकडून.

तुझा कागद मिळाला. प्रश्नाचा विचार केला. आधी दंतवैद्याबद्दल: सासूबाईंना फोनपासून लांब ठेव. आपल्या देशात सातव्या पिढीपर्यंत नातेवाईक वगळले तर कंपनीला सगळा माल चीनमध्ये परत न्यावा लागेल.

आता उमसुनायबाई. तू लिहिलेलं मला अपुरं वाटलं, म्हणून काल मी स्वतः त्यांना फोन केला. नंबर तुझ्या सासूबाईंनी दिला, वर पंधरा मिनिटं तुझं कौतुकही ऐकवलं. उशीचं मी विचारलं. ती त्या स्वतःच घेणार आहेत. तू लिहीत असतेस तेव्हा शेजारी बसून त्यांची पाठ दुखते, म्हणाल्या.

उमसुनायबाईंना मी पेटीबद्दल माझी खोटी साक्ष सांगितली आणि माफी मागितली. त्यांनी मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण त्यातला प्रत्येक शब्द रास्त होता. घरात इतकं कोणी मोठ्याने बोललं त्याला फार दिवस झाले. मग मी कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न विचारला: "बाई, आता नातं निघालं आहे. तर मग तक्रार मागे घेणार का?"

त्या म्हणाल्या, "मागे? घरच्या माणसाने मोजा जाळला, आता तर व्याजासकट घेईन! नूरूझला जेवायला येतेय, पैसे तिथेच मोजून ठेवा म्हणावं."

तेव्हा माझं मत, तारखेसह आणि सहीनिशी, पुढीलप्रमाणे. कंपनीला नातं जरूर कळव, काही लपवू नकोस. मी खालची ओळ शिक्का मारून जोडतो, ती त्यांना दाखव. नूरूझला मीही येतो आहे. समोरासमोर बसून मोज्याची किंमत ठरवायला माणूस लागेल.

"जी बाई नातं कळल्यावरही तक्रार मागे घेत नाही, ती कलम एकोणीसच्या अर्थाने नातेवाईक नव्हे, ग्राहक आहे."

सागिनबेक